बोल्झानोच्या पाट्या आणि बेळगावची मावशी

बेळगावहून आलेली मावशी उत्तर इटलीतल्या बोल्झानो स्टेशनवर उतरली आणि डोंगर राहिले बाजूला, पाटीच वाचत बसली. बोल्झानो आणि बोत्सेन, एकाच गावाची इटालियन आणि जर्मन नावं, शेजारी शेजारी. ‘कुणी काळं फासत नाही गं?’ हा तिचा पहिला प्रश्न.

पाहुण्यांसाठी माझा फेरा ठरलेला आहे. स्टेशनजवळून रोपवेने रेनोनच्या पठारावर जायचं, तिथून १९०७ सालच्या छोट्या रेल्वेने पुढे. (आपली माथेरानची गाडीही त्याच सालची.) शेवटच्या स्टेशनापासून थोडं चाललं की मातीचे सुळके दिसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक धोंडा. धोंडा आहे तोवर खालची माती टिकते. तो पडला की पाऊस सुळका धुऊन नेतो.

मावशी खरी रमली ती ओत्झीच्या संग्रहालयात. ५,३०० वर्षांपूर्वीचा हा माणूस १९९१ मध्ये बर्फात सापडला, तोही ऑस्ट्रियाच्या सीमेवरच. मोजणी झाली आणि तो इटलीच्या हद्दीत ९३ मीटर आत निघाला, म्हणून मुक्काम बोल्झानोला. ‘म्हणजे ह्याचापण सीमाप्रश्न!’ मावशी काचेला नाक लावून म्हणाली.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला आणि मागेही घेतला गेला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंच होतं, युरोपात असली भांडणं नसतात म्हणून. नसतात कशी? पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या राजवटीने शाळांतून जर्मन हद्दपार केली, गावांची नावं बदलली. जून १९६१ मध्ये एका रात्रीत इथे विजेचे कितीतरी मनोरे स्फोटांनी पाडले गेले. आजची शांतता कुणाच्या मनाच्या मोठेपणातून आलेली नाही. ती १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यातून आली. सरकारी नोकऱ्या भाषकांच्या प्रमाणात, कर्मचाऱ्याला दोन्ही भाषांची परीक्षा, आणि करांचा बहुतेक पैसा प्रांतातच.

सगळं गोड नाही. इटालियन आणि जर्मन मुलांच्या शाळा वेगळ्या, त्यामुळे एकाच गल्लीतली पोरं एकमेकांना परकी राहतात. हे मला अजून पटत नाही.

पण १९१९ पासून हद्द तिथेच आहे आणि तरी जर्मन बोलणाऱ्या आजीबाईंना सरकारी कागद जर्मनमध्ये मिळतो. आपण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात हद्दीसाठी उभे आहोत आणि मावशीच्या शेताचा उतारा अजून कन्नडमध्येच येतो. मला विचाराल तर आधी कागदासाठी भांडावं. निकाल लागेल तेव्हा लागेल, उतारा तर आजच वाचायचा असतो.

मावशीला हे अजिबात रुचलं नाही. ‘तुम्ही लांब राहून शहाणपण सांगता. कागद दिला की हद्द विसरा म्हणतील, मग?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने चळवळीत वडिलांना तुरुंगात जाताना पाहिलंय, मी नाही.

संध्याकाळी पूर्वेचा डोंगर गुलाबी झाला. त्याला काय म्हणतात, असं तिने विचारलं. जर्मनमध्ये रोझेनगार्टन, इटालियनमध्ये कातिनाच्चो, मी सांगितलं.

‘त्यातलं आधीचं कुठलं?’ मावशी म्हणाली.