पुण्याचं स्पेलिंग

2010 साली हिंजवडीत असताना मी सहा आठवडे रोज संध्याकाळी ओहायोतल्या एका माणसाकडून केटी घेत होते. आयटीवाल्यांना केटी माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते, केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, ज्याचं काम आपल्याकडे येणार असतं, त्याच्याचकडून ते शिकून घ्यायचं. हा माणूस पन्नाशी ओलांडलेला, क्लायंटच्या कारखान्याची बिलिंग सिस्टीम वीस वर्षं सांभाळलेला. सहा आठवड्यांत एकदाही त्याचा आवाज चढला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने विचारलं, "तुमच्या शहराचं स्पेलिंग सांगशील? एक फॉर्म भरायचाय." मी सांगितलं, पी, यू, एन, ई. आमच्या मॅनेजरने फोन म्यूट केला आणि मला झापलं, क्लायंटच्या माणसांशी कामापुरतंच बोलायचं म्हणून. तेव्हा मला कळलंच नाही, यात झापण्यासारखं काय होतं.

आता मी मिशिगनमध्ये राहते. तो फॉर्म कसला असावा, हे इथे आल्यावर उमगलं.

अमेरिकेत ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स नावाची योजना होती, परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना मदत देणारी. तो फॉर्म बहुधा तिच्याच अर्जाचा. केनेडींच्या काळात, 1962 मध्ये आलेली. त्यामागचा विचार मला आजही पटतो. परदेशी व्यापाराचा फायदा सगळ्या देशाला होतो, पण किंमत मोजतात ती ठरावीक गावं, तेव्हा त्यांचं देणं सरकारने द्यावं. प्रत्यक्षात अटी अशा घातल्या की 1969 पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! 1974 मध्ये अटी सैल केल्या. तरी कामगार संघटना या मदतीला मयताचा विमा म्हणत, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

ओहायोतल्या माणसासारख्या ऑफिसवाल्यांना ही दारं उघडली ती 2009 च्या दुरुस्तीने. तोवर योजना मुख्यतः कारखान्यातल्यांचीच. तीन कामगारांनी मिळून सह्या करायच्या, नाहीतर युनियनने किंवा कंपनीने अर्ज करायचा. काम परदेशी गेलं का, याची चौकशी केंद्राचं कामगार खातं करणार. मंजूर झालं तर नवं काही शिकायचा खर्च आणि शिकत असताना बेकार भत्ता धरून साधारण 130 आठवड्यांपर्यंत पैसे. पन्नाशीपुढच्यांसाठी आणखी एक सोय होती, मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती हीच. आधी वर्षाला 40,000 डॉलर मिळत होते आणि नव्या नोकरीत 32,000 मिळाले, तर फरकाचा निम्मा हिस्सा, म्हणजे 4,000, सरकार दोन वर्षं देणार. पन्नाशीच्या माणसाला पुन्हा शाळेत बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझ्या घरापासून तासाभराच्या आत ग्रीनव्हिल आहे. वस्ती साधारण 8,000. तिथे इलेक्ट्रोलक्सच्या फ्रिजच्या कारखान्यात 2,700 माणसं होती. कंपनीने थांबावं म्हणून राज्याने 20 वर्षं करमाफी देऊ केली, युनियनने सवलती दिल्या. तेव्हाच्या गव्हर्नर जेनिफर ग्रॅनहोम पुढे सांगत, की कंपनीची माणसं या सवलतींची यादी घेऊन बाहेर गेली आणि 17 मिनिटांत परत आली. मेक्सिकोतल्या हुआरेझमध्ये तासाला 1.57 डॉलरमध्ये माणूस मिळतो, त्यापुढे तुम्ही काहीही दिलंत तरी कमीच, असं उत्तर. 2006 मध्ये कारखाना बंद झाला. प्रशिक्षण द्या हो, पण 8,000 च्या गावात इतक्या माणसांना शिकून झाल्यावर काम कुठलं देणार?

योजनेत खोट होतीच, पण ती मेली राजकारणाने. नवा व्यापार करार आणायचा असला की विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद करायला या मदतीला मुदतवाढ द्यायची, अशी रीतच पडली होती. 2015 मध्ये तर डेमोक्रॅट खासदारांनी करारांची वाट अडवायची म्हणून आपल्याच लाडक्या योजनेच्या विरोधात मतं टाकली. (ती नंतर त्याच वर्षी मंजूर झाली, ते सोडा.) 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर करायचे बंद झाले. आज आयातकरांवरून रोज भांडणं चालतात, कामगारांच्या नावाने सगळे गळे काढतात, पण ही योजना अजून कुणी उठवून बसवलेली नाही.

माझं म्हणणं इतकंच, की कामगाराला पुरावे गोळा करायला लावू नका. कारखाना बंद होणार असला तर 60 दिवस आधी नोटीस द्यायचा कायदा इथे 1988 पासून आहे. त्या नोटिशीबरोबरच मदत सुरू करा. काम मेक्सिकोत गेलं, पुण्यात गेलं की यंत्राने खाल्लं, हे शोधायला सरकारकडे माणसं आहेत.

आणि हे 'तिकडचं' म्हणून सोडू नका. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2017 नंतर फक्त निर्यातीच्या गाड्या बनवायचा, त्यातल्या बऱ्याचशा मेक्सिकोला जायच्या. डिसेंबर 2020 मध्ये तोही थांबला. आपल्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा वेळी हक्काची भरपाई किती, तर नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार.

या अर्जांचे निकाल जाहीर असतात, कुणालाही बघता येतात. ओहायो आणि 2010 टाकून मी दोनदा यादी काढली. त्या क्लायंटचं नाव मात्र अजून टाकून बघितलेलं नाही.