‘डुप्लिकेट चिप दिल्या’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की सीएच३२व्ही००३ या मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्राम चढवून चालवायच्या छोट्या संगणक-चिपच्या) आठ पिनांच्या दहा चिप आमच्याकडून घेतल्या, त्यातल्या तीनवर एलईडी लुकलुकवायचा प्रोग्राम चढवला, तो चाललाही. पण दुसऱ्यांदा प्रोग्राम चढवायला गेलात तर प्रोग्रामरला, म्हणजे प्रोग्राम चढवायच्या उपकरणाला, चिप सापडेचना. म्हणून माल डुप्लिकेट. शिवाय एटीटायनी ८५ या दुसऱ्या जुन्या मायक्रोकंट्रोलरला आम्ही अव्वाच्या सव्वा भाव लावतो, सगळ्यात स्वस्त चिप ठेवतच नाही, आणि फोनवर ‘सेल कुठला, प्रोग्रामर कुठला’ अशा नसत्या चौकशा करतो, हेही आलंय.

आधी कामाचं सांगतो. त्या तीन चिप फेकू नका, त्या ठणठणीत आहेत. वीज दिली की एलईडी अजून लुकलुकतोय ना? मग चिप मेलेली कशी?

अभिप्रायासोबतच्या फोटोत एलईडी आठव्या पिनला जोडलेला दिसतो. घोळ तिथे आहे. आठ पिनांच्या पॅकेजमध्ये जागा नसल्यामुळे डब्ल्यूसीएच या कंपनीने आतले पीडी१, पीडी४ आणि पीडी५ हे तिन्ही सिग्नल बाहेरच्या एकाच आठव्या पिनवर आणलेत. त्यातला पीडी१ म्हणजे एसडब्ल्यूआयओ, प्रोग्रामरशी बोलायची एकुलती एक तार. तुमचा प्रोग्राम सुरू होताच पीडी४ ला आउटपुट करतो आणि ती तार वर-खाली ओढत बसतो. प्रोग्रामर बिचारा त्याच तारेवर हाका मारतोय, त्या ऐकू कशा येणार? पहिल्यांदा प्रोग्राम चढला कारण तेव्हा चिप कोरी होती. उत्पादनाच्या पानावर पिनांच्या आकृतीखाली ही सूचना आहे आणि कंपनीच्या डेटाशीटमध्येही (चिपच्या माहितीपत्रकातही) आठव्या पिनसमोर तीन नावं छापलेली आहेत.

उपाय असा. एलईडी काढून ठेवा. चिपला दुसरीकडून वीज देऊ नका, डब्ल्यूसीएच-लिंकई या प्रोग्रामरवरचेच ३.३ व्होल्ट द्या. कंपनीच्या लिंक युटिलिटी या सॉफ्टवेअरमध्ये वीज तोडून सगळी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) पुसण्याचा पर्याय आहे, तो निवडा. प्रोग्रामर स्वतःच चिपची वीज घालवून परत देतो आणि तुमचा प्रोग्राम जागा व्हायच्या आत फ्लॅश पुसून टाकतो. मग एलईडी पाच, सहा किंवा सात नंबरच्या पिनवर घ्या. आठवी वापरणं भागच असेल तर प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला दोन-तीन सेकंद नुसतं थांबवा, म्हणजे प्रोग्रामरला तेवढी फट मिळते.

डुप्लिकेट माल बाजारात नाही असं मी म्हणणार नाही. २०२० नंतरच्या टंचाईत कोणी काय काय खपवलं ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि एसटीएम३२एफ१०३ च्या नावावर भलत्याच कंपनीची चिप बसवलेले बोर्ड तर त्याच्याही आधीपासून फिरताहेत. पण नक्कल होते ती महाग आणि मागणी असलेल्या मालाची. सीएच३२व्ही००३ इतकी स्वस्त आहे की तिची नक्कल करून कोणाचं पोट भरणार? शंका घ्यायचीच तर एटीटायनी ८५ वर घ्या, आणि तपासणंही सोपं आहे. एव्हीआरडूड या सॉफ्टवेअरने चिपची सिग्नेचर, म्हणजे आत कोरलेला ओळख-क्रमांक, वाचा. ८५ असेल तर १ई ९३ ०बी येईल, तिची छोटी बहीण एटीटायनी ४५ असेल तर १ई ९२ ०६. पाठीवरची छपाई घासून बदलता येते, आतले हे तीन बाइट बदलता येत नाहीत. आम्ही प्रत्येक नव्या लॉटमधल्या काही चिप अशाच वाचून मग पाकिटं भरतो.

आता ८५ चा भाव. कागदावर तुमचं म्हणणं बिनतोड आहे. इकडे सीएच३२व्ही००३ मध्ये ४८ मेगाहर्ट्झ, १६ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. तिकडे ८५ मध्ये ८ किलोबाइट आणि ५१२ बाइट, आणि भाव कितीतरी जास्त. ८५ आम्हालाच महाग पडते, त्याला इलाज नाही. जुनी चिप आहे, तिच्यावर बेतलेली डिझाइन अजून चालू आहेत, त्यामुळे मागणी हटत नाही. ८५ काढणारी अॅटमेल कंपनी २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे गेली, त्यानंतर त्याच घराण्यात एटीटायनी ४१२ सारख्या नव्या चिप आल्या. त्या ८५ पेक्षा स्वस्त आहेत आणि यूपीडीआय या प्रोग्राम चढवायच्या पद्धतीच्या एका तारेवर साध्या यूएसबी-सिरियल अडॅप्टरने आणि एका रेझिस्टरने प्रोग्राम होतात. नव्याने शिकणाऱ्याला मी हल्ली ८५ सुचवतच नाही. फोनवर तुम्हाला सुचवली ती तुम्ही सेलचं नाव सांगितल्यावर.

तुम्ही करताय तो दिवा सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलवर चालणार आहे. हा सेल नवा असताना ३ व्होल्ट देतो, मग हळूहळू उतरतो, आणि एलईडी पेटला की त्या क्षणी आणखी वाकतो. सीएच३२व्ही००३ ला २.७ व्होल्टच्या खाली चालण्याची हमी नाही. म्हणजे सेलमध्ये बराच जीव शिल्लक असतानाच दिवा चाळे करायला लागणार, आणि तेव्हाही तुम्ही आम्हालाच एक तारा देणार! ८५ ची व्ही अक्षराची आवृत्ती १.८ व्होल्टपर्यंत उतरते. कारखान्यातून ती १ मेगाहर्ट्झवर लावलेली येते (त्यावरून ‘चिप मंद आहे’ अशाही तक्रारी येतात), पण बटण दाबलं की दिवा लावायला एवढा वेग रग्गड झाला. झोपेत (काम नसताना) कोणती चिप किती वीज खाते यावर मात्र मी भांडणार नाही. दोन्ही चिप नीट झोपवल्या तर सेल वर्ष-दोन वर्षं सहज काढेल. प्रश्न व्होल्टेजचा आहे. हाच दिवा तुम्ही यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालवणार असता तर ८५ चं नावही काढलं नसतं.

एक सावधगिरी. ८५ घेतलीत तर त्याच सॉकेटमध्ये खोचू नका. तिची चौथी पिन ग्राउंड आहे, तुमच्या आत्ताच्या चिपची चौथी पिन पॉवरची आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणून तुम्ही पडौक कंपनीची पीएमएस१५०सी म्हणताय. ती मुद्दाम ठेवत नाही. तिच्यात प्रोग्राम एकदाच लिहिता येतो, चुकला की चिप टोपलीत. रॅम ६४ बाइट, प्रोग्रामरही तिचा वेगळा. हजारोंनी खेळणी काढणाऱ्या कारखान्याला ती सोन्यासारखी, घरी प्रयोग करणाऱ्याला तिच्या दहा चिप म्हणजे दहाच प्रयत्न. याच कंपनीची पीएफएस१५४ पुन्हा पुन्हा लिहिता येते. कोणी मागितली तर मागवून देतो.

सेल कुठला हे का विचारलं ते वर आलंच, प्रोग्रामर कुठला हे विचारायचं कारणही तसंच. सीएच३२व्ही००३ ला लिंकई लागतो, जुना बिनईचा लिंक चालत नाही, आणि दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ. चिप घरी पोचल्यावर हे कळण्यापेक्षा फोनवरच्या दोन प्रश्नांचा त्रास बरा, असं आम्हाला वाटतं. ते प्रश्न विचारणं आम्ही बंद करणार नाही.

तिन्ही चिप वर सांगितलं तशा पुसून बघा. नाही जमलं तर पाठवून द्या, आम्ही पुसून परत करू. पुसूनही एखादी सापडली नाही तर बदलून मिळेल. उरलेल्या सात पट्टीतच असतील तर त्या परत घेऊन त्याबदल्यात ८५व्ही देता येईल, फरकाची रक्कम तेवढी भरावी लागेल. ऑर्डर नंबर कळवा.