आजीचा ‘की’ आणि दोन अनामिक समीक्षक

भाषाविज्ञानाच्या नामांकित नियतकालिकात शोधनिबंध छापून यावा, अशी इच्छा धरणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अभ्यासकांनी सर्वप्रथम घरच्यांशी मोकळेपणाने बोलणे थांबवावे. आजी आता आजी नसून ‘भाषक क्र. ३’ आहे, आणि भाषकाशी हुज्जत घालायची नसते, त्याचे ध्वनिमुद्रण करायचे असते. ती ‘भाकरी खाऊन जा की’ म्हणाली, तर भाकरीकडे न पाहता वाक्य तीन ओळींत मांडावे: वर मूळ वाक्य, मध्ये प्रत्येक घटकाचे व्याकरणिक लेबल, खाली इंग्रजी भाषांतर. त्या ‘की’मध्ये आग्रह किती, दटावणी किती आणि निव्वळ सवय किती, यावर सहा पाने सहज निघतात. आजीलाच विचारण्याचा मोह मात्र टाळावा. ‘आमी असंच बोलतोय की’ एवढेच ती सांगेल आणि आपल्याकडे आणखी एक उदाहरण जमा होईल.

संदर्भांत भाषाशास्त्रज्ञ एमेनो हवेतच. भारतातील वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजाराने एकमेकींसारख्या झाल्या, हे सांगणारा त्यांचा लेख ‘लँग्वेज’ या नियतकालिकात १९५६ साली आला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार राज्ये झाली, राज्य पुनर्रचना आयोगाकडे तो अंक पोहोचला नसावा. मग गंपर्झ आणि विल्सन (१९७१) या अभ्यासकांच्या निबंधातले कुपवाड गाव घ्यावे, जिथे मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली, की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता येते. मात्र कुपवाड सांगली जिल्ह्यात आहे, हे पहिल्याच परिच्छेदात नोंदवावे, नाहीतर दोन्ही राज्ये ते आपापल्या याचिकेला जोडतील.

शीर्षकात ‘बेळगाव’ लिहिणे धोक्याचे आणि २०१४ पासून अधिकृत असलेले ‘बेळगावी’ लिहिणे घरी धोक्याचे. म्हणून ‘वायव्य कर्नाटकातील एक संपर्कबोली’ असे लिहावे, म्हणजे कोणालाच काही कळत नाही. तरीही छापण्याआधी निबंध तपासणारा पहिला अनामिक समीक्षक कन्नडचा प्रभाव सिद्ध झालेला नाही म्हणेल आणि दुसरा तो गृहीत का धरला नाही, असे विचारेल. दोघांचे नम्र आभार मानून दोन परस्परविरोधी तळटीपा द्याव्यात.

निबंध सर्वांना मोफत वाचता यावा, असे वाटल्यास शुल्क आपण भरावे. न वाटल्यास ते वाचकाने भरावे. अशाच धोरणाला कंटाळून २०१५ साली ‘लिंग्वा’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकाच्या संपादकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि ‘ग्लोसा’ हे नवे नियतकालिक काढले, पण आपल्याकडे राजीनामा द्यायला अजून पद नाही.

अंक आल्यावर आजी चष्मा लावून ‘ह्यात माजं नाव कुठं हाय?’ विचारेलच. तेव्हा ‘भाषक क्र. ३’वर बोट ठेवावे.