फुकट पैसे? हजेरी कोण भरतं ते विचारा आधी!

आज पुन्हा तोच फॉरवर्ड. ‘सरकार पोरांना फुकट पैसे देऊन आळशी करतंय.’ फुकट म्हणे! आमच्या वाडीतल्या एका बायला विचारा.

बीकॉम झालेली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कचेरीत लागली. २०२४ ची ही योजना, पदवीधराला महिना १०,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, बारावीला ६,०००. आधी ६ महिने, मग वाढवून ११. प्रशिक्षण कसलं? झेरॉक्स आणि जावक रजिस्टर. वर विद्यावेतनाचा पत्ता नाही.

का, ते नीट वाचा. पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारवर येतात. शेवटचं सीडिंग, म्हणजे आधार खात्याला जोडणं, ज्या बँकेत, तिथेच पडतात. तिचं सीडिंग स्कॉलरशिपच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याला. ‘बँकेत आधार दिलंय’ यावर विसंबू नका. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत संमती फॉर्म भरा आणि पोच घ्याच. दुसरी भानगड हजेरीची. ती कचेरीने दर महिन्याला ऑनलाइन भरायची असते. क्लार्क रजेवर गेला की पोरं लटकली. मस्टरचा फोटो काढून ठेवा.

सही करून पसार होणारे आहेत, मान्य. मग त्यांना करण्याजोगं काम द्या की!

हीच बाय थंडीत पहाटे कासवमित्रांबरोबर किनारा फिरते, पदरमोड करून. ऑलिव्ह रिडले कासवाचं घरटं सापडलं की अंडी काही तासांतच हलवायची, तीही न उलटवता, वरची बाजू वर ठेवून. गोलगोल फिरली तर आतला जीव जातो. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जागेत, दीडेक फूट खोल, तळाशी रुंद असा खड्डा, वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी, भोवती कोल्ह्याकुत्र्यांसाठी जाळी. पन्नासेक दिवसांनी पिल्लं. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात, म्हणून सावलीचाही हिशेब ठेवावा लागतो. किती शिकते पोरगी! पण योजनेत धरतात फक्त नोंदणी झालेल्या आस्थापनेतली हजेरी. वनखात्याने, किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी या कामासाठी प्रशिक्षणार्थी मागावेत ना. पावसात रोपवाटिकांत आंब्याची कोय कलमं बांधायलाही हात हवेच असतात.

आणि पोरांनो, शेवटी नुसत्या प्रमाणपत्रावर गप्प बसू नका. कोणकोणतं काम केलं ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. झेरॉक्सच काढून घेतल्या असतील तर साहेबांना तेच लिहू दे.