विदेशी लाकडाच्या टेबलाचा तो मेसेज: बराचसा चूक, एक मुद्दा घातक

‘विदेशी कठीण लाकडाचं मॉडर्न टेबल स्वतः बनवा’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यातले दावे असे: लाकूड नैसर्गिक, म्हणून भुसा निरुपद्रवी, कठीण, म्हणून फुगत-आकसत नाही, अंगचं तेल असतं, म्हणून चिकटवताना आणि पॉलिश करताना काही बघावं लागत नाही, आणि रंग जन्मभर टिकतो. हे वाचून माझा भाचा बंद खोलीत, नाकाला काहीही न लावता रोझवूड घासायला निघाला होता.

त्यामुळे आधी भुसा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली आहे. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा मिळालेले पदार्थ या गटात येतात. हा पुरावा मुख्यतः फर्निचरच्या कारखान्यांतून आला. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या परिसरात १९६०च्या दशकात नाक आणि सायनसच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण वारंवार दिसू लागले, आणि त्यांत फर्निचर कामगारांचा भरणा होता. ते वापरत ती लाकडं बीच, ओक अशी नेहमीचीच. कसलं आलंय निरुपद्रवी?

वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्यांची ही गोष्ट आहे, एका टेबलाने कॅन्सर होत नाही, हे मान्य. पण ॲलर्जीला वर्षं लागत नाहीत. रोझवूड आणि त्याच जातकुळीतल्या कोकोबोलो या लाकडातल्या क्विनोन नावाच्या वर्गातल्या रसायनांनी अंगावर पुरळ उठतं, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे चिमूटभर धूळही पुरते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण त्यातून जातातच. बारीक कण अडवणारा एन-९५ मास्क, सँडरला (घासायच्या मशीनला) जोडलेला व्हॅक्यूम आणि अंगभर कपडे हवेतच. सुका भुसा झाडूने झाडू नका, तो पुन्हा हवेत उडतो.

कठीण लाकूड हलत नाही, हेही खोटं. पर्पलहार्ट या जांभळ्या विदेशी लाकडाचा ७० सेंटिमीटर रुंदीचा टॉप घ्या, फळ्या वर्षवलयांना समांतर चिरलेल्या. लाकडातली आर्द्रता चार टक्क्यांनी बदलली, तर रुंदीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही. मॉडर्न डिझाइनमध्ये खाली लोखंडी फ्रेम असते. तिला टॉप चहूबाजूंनी घट्ट आवळला की तो तडकतो किंवा वाकतो. मधले स्क्रू घट्ट ठेवा, कडेच्या स्क्रूंसाठी फ्रेममध्ये रुंदीच्या दिशेने लांबट भोकं पाडा आणि वॉशर लावा.

तेलाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. सागासारखं लाकूड पाण्याला चांगलं टिकतं, खरं आहे. पण तेच तेल सांध्यात गोंद धरू देत नाही, म्हणून सांध्याच्या बाजू ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवाव्या लागतात. रोझवूडवर तेलाचं फिनिश दिवसचे दिवस ओलं राहू शकतं. आधी मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्या.

रंगाबद्दल एवढंच: जांभळं पर्पलहार्ट आणि लालभडक पडाउक, ही दोन्ही लाकडं उजेडाने तपकिरी होतात. यूव्ही (अतिनील) किरण रोखणारं फिनिश हे लांबवतं, थांबवत नाही.

आणि मेसेजने गाळलेली गोष्ट. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून सायटीस या, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे, तर २०१७ पासून डाल्बर्जियाच्या, म्हणजे रोझवूडच्या कुळातल्या, बाकी सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात. कोकोबोलोही त्यातच येतं. फळी कायदेशीर मार्गाने आल्याचे कागद विक्रेता दाखवत नसेल, तर ती घेऊ नका.