टीबीचा निधी मध्येच कसा सोडावा

अभिनंदन! एका विकसनशील देशाच्या तिजोरीची किल्ली तुमच्या हाती आली आहे आणि टेबलावरच्या ढिगात क्षयरोगाची फाइल आहे. घाबरू नका. हा रोग माणसाला हळूहळू मारतो. हळूहळू मरणाऱ्यांची बातमी होत नाही, आणि जिची बातमी नाही तिच्यासाठी पुरवणी मागणी करावी लागत नाही. २०२३ साली जगभरात साडेबारा लाख माणसं टीबीने गेली. तुमचं अधिवेशन त्यामुळे एक दिवसही तहकूब झालं नसेल.

आधी ‘शाश्वत निधी’ हे दोन शब्द घोटून ठेवा. शाश्वत म्हणजे काय असं कोणी विचारलंच तर आराखडा दाखवा. आराखडा करायलाही आपला पैसा लागत नाही, देणगीदार देतात. २००२ मध्ये ग्लोबल फंड हा देणगीदारांचा जागतिक निधी सुरू झाला आणि टीबीसाठी बाहेरून येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा आज तिथूनच येतो. त्यांची एक अट असते, सरकारनेही आपला हिस्सा वाढवत न्यावा. जरूर वाढवा, कागदावर. औषधांसाठी त्यांचे पैसे आले की आपले अलगद काढून घ्या आणि जिथे फीत कापता येते तिथे लावा. गोळ्यांच्या पाकिटाला फीत बांधता येत नाही, हा या कार्यक्रमाचा मूळ दोष आहे.

फीत कापायचीच असेल तर जीनएक्सपर्ट मशीन घ्या. दोन तासांच्या आत टीबी आहे की नाही ते सांगतं, वर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही तेही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच त्याची शिफारस केली आहे. मशीन देणगीत मिळतं. नमुना घालायची कार्ट्रिज मात्र दर तपासणीला नवी लागते, आणि ती विकत घ्यावी लागते. तिकडे बघू नका. थोड्याच दिवसांत मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर चढेल, कव्हरवर धूळ बसेल, धुळीतून देणगीदाराचं स्टिकर तेवढं चमकत राहील. शेजारी तंत्रज्ञ पूर्वीसारखा काचपट्टीवर थुंकी पसरून सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला असेल. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली सूक्ष्मदर्शकातूनच दाखवला होता. याला परंपरा जपणं म्हणतात.

औषधांची तरतूद नऊ महिन्यांची करा. वर्ष बारा महिन्यांचं असणं ही तुमची चूक नाही. साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने दोन. निविदा एखाद्या सहीसाठी अडली की खंड पडतो, आणि खंड पडला की जंतू औषधाला पुरून उरायला शिकतो. मग लागणारी औषधं कितीतरी पट महाग, पण तो खर्च पुढच्या सरकारच्या काळात येतो. न्यूयॉर्क शहराने हे करून पाहिलंय. टीबी संपत आला म्हणून १९७०च्या दशकात पैसा आखडला, १९९२ पर्यंत रुग्ण जवळपास तिप्पट झाले आणि आग विझवायला एक अब्ज डॉलरहून जास्त लागले. हे उदाहरण कोणी काढलं तर शांतपणे म्हणा, आपली परिस्थिती वेगळी आहे. वेगळी आहेच. त्यांच्याकडे नंतर खर्चायला अब्ज डॉलर होते.

जागतिक परिषदांना न चुकता जा. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं की २०२२ पर्यंत टीबीसाठी वर्षाला १३ अब्ज डॉलर उभे करायचे. निम्मेसुद्धा जमले नाहीत. म्हणून २०२३ मध्ये पुन्हा बसून ठरवलं, २०२७ पर्यंत वर्षाला २२ अब्ज. उद्दिष्ट गाठता येत नसेल तर ते वाढवावं, हे गणित तुमच्या शाळेत शिकवलं नसेल. २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडला तसा एखादा दाता अचानक उठून गेला, तर ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हे वाक्य तयार ठेवा. आराखड्यातलं ‘दाता गेल्यानंतर’ हे प्रकरण कोणी वाचलेलं नसतं, लिहिणाऱ्यानेही नाही.

आता खरी गोम. न थकता, न चुकता पैसा घालणारा एक स्रोत तुमच्याकडे आधीपासून आहे, रुग्णाचं घर. ‘उपचार मोफत’ अशी पाटी लावा आणि प्रवासभाडं, बुडालेली मजुरी, कर्ज हे सगळं त्यांच्याकडे राहू द्या. टीबी झालेल्या जवळपास निम्म्या घरांचा या आजारापायी वर्षाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त खर्च होतो. या घरांकडे सहहिस्सा मागायला कधी पत्र पाठवावं लागलं आहे का?

राहिली नोंदवही. समजा एक बाई तिसऱ्या महिन्यात गोळ्या घ्यायला येते. खिडकीतला माणूस रिकामा खोका तिरका करून दाखवतो, ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. ती पुढच्या आठवड्यात येते. त्याच्याही पुढच्या आठवड्यात येते. चौथ्यांदा तिची मजुरी बुडवायची ऐपत नसते. तिच्या नावापुढे काय लिहायचं याचा रकाना वहीत आधीच छापलेला आहे : ‘रुग्णाने उपचार मध्येच सोडले.’ सरकारने सोडले, असा रकाना नाही. नवी वही छापायची झाली तरी वाढवू नका, छपाईलाही निधी लागतो.