ते वाक्य कृपया बदला

"गुप्तांगावर चामखीळ उठली म्हणजे जोडीदाराने नुकतीच प्रतारणा केली" हे तुमच्या लेखातलं वाक्य चुकीचं आहे, आणि अशा वाक्यांनी संसार मोडतात. या चामखिळी ज्याने होतात तो एचपीव्ही हा विषाणू अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. लागण नेमकी कधी झाली, कोणाकडून झाली, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

मी चोपडा तालुक्यात आशाताई आहे. गेल्या पावसाळ्यात एक बाई माझा हात घट्ट धरून म्हणाली, "कोनले सांगू माय, लाज वाटस." नवरा संशय घेईल म्हणून तिने चामखिळींवर चोरून चुना-सोडा लावला होता. कातडी सोलून लालभडक, बसताही येत नव्हतं. जळगावला त्वचारोगतज्ज्ञांनी बघूनच निदान केलं, सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त तपासलं, जखम भरल्यावर द्रवरूप नायट्रोजनने तीन खेपांत चामखिळी गोठवल्या. नंतर एक परत उगवली, तीही गेली, असं होतंच. तिला कॅन्सरची धास्ती होती. पण या चामखिळी बहुतेक वेळा ६ आणि ११ प्रकारच्या एचपीव्हीने होतात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ असतात. हे ऐकून ती तिथेच रडली. नवरा बाहेर बाकावर बसला होता, त्यालाही डॉक्टरांनी आत बोलावून हेच समजावलं.